मराठी निवडली म्हणजे राज्य महाराष्ट्रच?

बेळगावातल्या वडगावच्या एका यंत्रमागधारकाला आपल्या साड्या थेट गिऱ्हाइकाला विकता याव्यात, म्हणून गेल्या वर्षी मी त्यांना एक संकेतस्थळ तयार करून दिले. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांची सोय केली आणि चालू करण्यापूर्वी मी स्वतः ते असंख्य वेळा तपासले. पुढचे बटण कुठे आहे हे मला आधीच ठाऊक असल्यामुळे त्या तपासणीत काही सापडण्यासारखे नव्हते.

पहिली खरी चाचणी खानापूरला मावशीच्या घरी झाली. तिच्या हाती फोन देऊन मी एवढेच सांगितले, की हिरव्या काठाची एक साडी मागव आणि मनात येईल ते बोलत राहा. साडी तिने पटकन शोधली. अडली ती पत्त्याच्या पानावर. मराठी निवडल्याबरोबर राज्याच्या रकान्यात 'महाराष्ट्र' आपोआप उमटले होते, त्यामुळे जिल्ह्यांच्या यादीत कोल्हापूर, सांगली, सोलापूर सगळे होते, बेळगाव तेवढे नव्हते. यादी दोनदा वरखाली सरकवून ती म्हणाली, "आपलं बेळगाव नाही रे ह्यात. कोल्हापूर टाकू काय?" राज्य बदलता येत होते, पण तो रकाना मी फिकट करड्या रंगात ठेवला होता, आणि त्याला हात लावायचा असतो हे तिला कळण्याचे काही कारणच नव्हते. भाषेवरून राज्य ठरवणारी ती ओळ बेळगावातल्याच शहापुरात लहानाचा मोठा झालेल्या माझ्याच हातची होती.

अशा वेळी मदत न करता गप्प बसणे फार जड जाते. शेवटी "कसं वाटलं?" असे विचारल्यावर मावशी म्हणाली, "छान आहे की!" म्हणूनच मी अभिप्रायाच्या रकान्यांवर फारसा विसंबत नाही, आपल्याकडे पाहुण्याच्या कामाला कोणी तोंडावर नावे ठेवत नाही.

वापरायच्या सोयीचा अभ्यास करणारे जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउर यांनी १९९३ साली मांडलेल्या हिशेबानुसार एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के. त्यामुळे पंधरा जणांना एकदाच बसवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घेऊन मध्ये दुरुस्ती करत जावे, असे नील्सन सुचवतात. मी तसेच केले. दुसऱ्या फेरीत निपाणीच्या एका मित्राने इंग्रजी पानावर जिल्ह्याचे जुने, 'बेलगाम' हे स्पेलिंग टंकले आणि काहीच निघाले नाही, कारण यादीत २०१४ च्या नामांतरानंतरचे 'बेळगावी' होते. आता दोन्ही स्पेलिंगांनी तोच जिल्हा निघतो.

तिसरी फेरी कन्नड पानांची आहे, आणि तिच्यासाठी मला माझ्या नात्यागोत्याबाहेरची पाच माणसे शोधायची आहेत.