पताकेवर इमारत का नाही?

मुंबईच्या फोर्ट भागातल्या दिव्यांच्या खांबांवर मी केलेल्या कापडी पताका ज्यांनी पाहिल्या, त्यांतले बरेच जण भेटल्यावर एकच प्रश्न विचारतात. आजूबाजूला एवढ्या देखण्या इमारती उभ्या असताना तुमच्या एकाही पताकेवर इमारतीचे चित्र कसे नाही? काहींच्या बोलण्यात कुतूहल असते, काहींच्या बोलण्यात थोडी नाराजी असते, आणि दोन्हींचा मला आदर आहे. आजवर मी उभ्या-उभ्या काहीतरी उत्तर देत आले. पण तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी नीट लिहायला बसले आहे.

पहिला नमुना मी तुमच्या मनातल्यासारखाच केला होता. काळा घोडा परिसरातल्या डेव्हिड ससून वाचनालयाच्या दर्शनी कमानी मला विद्यार्थिदशेपासून आवडतात. १८७० साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीचे रेखाचित्र मी आठवडाभर बसून काढले, कापडावर छापून घेतले आणि ते कसे दिसते हे पाहण्यासाठी एका रविवारी सकाळी समोरच्या पदपथावर दोघांच्या हातात काठीवर धरून उभे केले. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि मागे वळून पाहिले, तेव्हा माझ्या चित्रातल्या कमानीने खरी कमान झाकली होती. दगडात घडवलेली, दीडशे पावसाळे पाहिलेली वस्तू माझ्या दोन हात कापडामागे गेली होती. मी थोडी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. कुठून ना कुठून ती कोणाला तरी झाकणारच होती. त्या सकाळी मी ते चित्र गुंडाळून ठेवले, आणि ते अजून तसेच गुंडाळलेले आहे.

जुन्या वस्तीत कापड लावण्याचे काम घेतले की पहिला प्रश्न आपण काय झाकणार आहोत, हा असतो. ज्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या पाट्यांचे काम केले, त्यांच्याकडून मी हे शिकले. तिथल्या इमारतींच्या तळमजल्यावरून सलग कमानदार पदपथ जातो, उन्हापावसात माणसाला आडोसा मिळावा म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नियम करून बांधवून घेतलेला आहे. पण पुढे दुकानांच्या पाट्या इतक्या वाढत गेल्या की कमानी दिसेनाशा झाल्या. मग दुकानदारांना बरोबर घेऊन त्या पाट्या कमानीच्या पोकळीत, ठरावीक मापात आणल्या गेल्या आणि दगडी काम पुन्हा रस्त्यावर आले. नवे काही उभारले नव्हते, फक्त आड येणारे बाजूला केले होते. माझ्या मते मुंबईत रस्त्यावरच्या दृश्यासाठी झालेल्या कामांपैकी हे सर्वांत शहाणे काम आहे.

इमारत काढायची नाही असे ठरल्यावर मग काढायचे काय, या प्रश्नाने मला दोन महिने झोप लागू दिली नाही. उत्तर शेवटी त्या भागाच्या नावातच सापडले. आपण रोज ‘फोर्ट’ म्हणतो, पण तिथे किल्ला कुठे आहे? १७१६ च्या सुमारास इंग्रजांनी या वस्तीभोवती तट बांधून घेतला, त्याला तीन मोठे दरवाजे होते, बाहेर खंदक होता, आणि तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून पश्चिमेला मोठे पटांगण रिकामे ठेवलेले होते. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना हा तट पाडला गेला. शहराला मोकळी जागा मिळाली, त्या जागेवर उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर उभे राहिले, आणि रिकाम्या पटांगणाची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशी मैदाने झाली. २०१८ साली युनेस्कोने ज्या ९४ इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटले, तो ओव्हलच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभा आहे तो मुळात तिथे तोफांसाठी जागा मोकळी सोडली होती म्हणून. तट गेला तरी त्याचा आकार शहरात शिल्लक राहिला. तो दाखवायला मात्र तिथे काहीच नव्हते.

म्हणून मी ठरवले की जे दिसते ते पताकेवर येणार नाही. जे तिथे होते आणि आता दिसत नाही, तेच येईल. आणि तेही चित्र म्हणून नव्हे, शब्द म्हणून. तटबंदीची आपली भाषा फार जुनी आणि फार नेमकी आहे. कोट, तट, वेस, खंदक, बंदर. ज्या शब्दाची जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नव्हती तो मी गाळला, आणि उरलेला प्रत्येक शब्द त्याच्या जागेच्या शक्य तितक्या जवळच्या खांबावर लावायचा असे ठरले. काळा घोड्याजवळच्या एका रस्त्याचे जुने नाव रॅम्पार्ट रो, आणि रॅम्पार्ट म्हणजेच तट, म्हणून ‘तट’ तिथे. ‘बंदर’ दक्षिणेला, जिथून अपोलो दरवाजातून बाहेर पडून माणसे धक्क्याकडे जात. ‘खंदक’ महात्मा गांधी रस्त्याच्या बाजूला, तटाच्या बाहेर. ‘कोट’ मात्र अनेक ठिकाणी, कारण आत राहणाऱ्यांच्या आणि बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या तोंडी या सगळ्या भागाचे नाव तेच होते. भिंतीपलीकडच्या वस्तीला म्हणूनच बाहेरकोट म्हणत.

‘वेस’ या शब्दाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. पश्चिमेच्या दरवाजातून सेंट थॉमस चर्चकडे जाता येई म्हणून तो चर्चगेट. आज लाखो माणसे दिवसातून दोनदा हे नाव घेतात, पण दरवाजा स्टेशनाजवळ कधीच नव्हता. स्टेशनापासून दहा मिनिटे चालत गेले की जे फ्लोरा फाउंटन लागते, ते १८६४ चे कारंजे त्या पाडलेल्या दरवाजाच्या जागी उभे आहे. पण तो केवळ फ्लोरा फाउंटनचा चौक नाही, तो हुतात्मा चौक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या. माझ्या घरात त्या दिवसाची आठवण सांगणारी माणसे होती. एका जागेवर इतिहासाचे थर असतात तेव्हा आपल्या आवडीचा थर वर काढताना दुसऱ्याच्या अंगावर पाय पडत नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून ‘वेस’ची पताका स्मारकाच्या दिशेने येणाऱ्याच्या नजरेत स्मारकाच्या आड येणार नाही अशा खांबावर, चौकाच्या दूरच्या कोपऱ्यात लावली. ती तिथून थोडी कमी दिसत होती. मला ते मान्य होते.

आता अक्षरांविषयी, कारण या कामाचा गाभा तिथेच आहे. खांबावरची पताका उभी आणि अरुंद असते. आमची दोन फूट रुंद आणि पाच फूट उंच होती. इंग्रजी शब्द अशा जागेत आडवा करून किंवा अक्षराखाली अक्षर लावून बसवता येतो. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते, वेलांट्या आणि मात्रा अनाथ होतात, जोडाक्षर असले तर वाचणाऱ्याला अडखळावे लागते. मराठी शब्द अरुंद पताकेवर मोठा दिसायला हवा असेल तर तो शब्दच लहान हवा. दोन अक्षरांचे कोट, तट आणि वेस हे शब्द मिळाले याला मी भाग्य समजते, कारण रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरूनही ते एका नजरेत वाचता येत होते.

माझ्या डोक्यात एक कल्पना फार दिवस घोळत होती. देवनागरी अक्षरे रेषेवर बसत नाहीत, ती रेषेखाली लटकतात. पताकाही वरच्या दांडीला लटकते. मग दांडी हीच शिरोरेषा का असू नये? ‘तट’च्या बाबतीत ते इतके सुंदर जमले की मी दिवसभर तो कागद भिंतीला लावून पाहत बसले. पण ‘कोट’ला आणि ‘वेस’ला मात्रा आहे, ‘खंदक’ला आणि ‘बंदर’ला अनुस्वार आहे, आणि ही चिन्हे शिरोरेषेच्या वर असतात, म्हणजे दांडीच्या वर हवेत. पत्र्यातून कापून दांडीवर बसवण्याचा विचार केला, पण वाऱ्यात एखादा तुकडा सुटून खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर आला तर, या भीतीने तो सोडला. शेवटी शिरोरेषा दांडीपासून एक फूट खाली, पताकेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग ओढली आणि वरची जागा मात्रांसाठी मोकळी ठेवली. दोन पताका एकाच खांबाच्या दोन बाजूंना लागल्या की ती रेषा खांब ओलांडून पुढे जाई. पाडलेला तट पुन्हा जोडल्यासारखा मला त्यात दिसायचा. इतरांना दिसला की नाही हे मी कोणाला विचारले नाही. अक्षरांचे वळण मी निर्णयसागरच्या जुन्या छपाईवरून अभ्यासले. जावजी दादाजींच्या त्या छापखान्याच्या टाइपातला जाड-बारीक फरक आणि भरीव गाठी मोठ्या आकारातही टिकून राहतात.

रंग निवडणे सोपे वाटते, पण मुंबईत ते सर्वांत अवघड असते. इथल्या बऱ्याच इमारती मालाडच्या पिवळसर आणि काळ्या-करड्या दगडाच्या आहेत, त्यांच्यासमोर उठून दिसेल असा रंग हवा. पण भगवा लावला की एक पक्ष दिसतो, हिरवा लावला की दुसरे काही, निळा लावला की आणखी काही, आणि खांबावर कापड दिसले की माणसे आधी पक्ष शोधतात. ‘बॅनर’ या शब्दाचा अर्थच आता चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स असा झाला आहे, म्हणून तर मी हट्टाने पताका म्हणते. शेवटी भिजलेल्या विटेचा तांबूस तपकिरी रंग घेतला आणि अक्षरे कोऱ्या कापडाच्या रंगात सोडली.

कापड सुती आणि जाड घेतले, फ्लेक्स घेतला नाही. सहा आठवड्यांसाठी लावायची वस्तू पुढची शेकडो वर्षे कचऱ्यात राहू नये एवढेच त्यामागे होते. परवानग्यांचे काम लांब चालले, पण ते तसेच असायला हवे असे माझे मत आहे: खांब बेस्टचे, पदपथ महापालिकेचा, आणि १९९५ च्या वारसा नियमावलीखाली येणारा परिसर असल्यामुळे वारसा समितीचे मतही हवे. दगडात एकही खिळा ठोकायचा नाही, खांबाला पट्टा बांधताना मध्ये रबर घालायचे, पताका रस्त्याच्या बाजूला न काढता पदपथाच्या बाजूला काढायची, कारण विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली बस खांबाच्या अगदी जवळून वळतात. परवानगीचा क्रमांक आणि मुदत प्रत्येक पताकेच्या खालच्या कोपऱ्यात छापली होती.

लावल्यानंतर चौथ्या दिवशी दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने तीन पताकांचे खालचे नेफे उसवले. चूक माझी होती. कापड सपाट दिसावे म्हणून मी खालची दांडीही खांबाला करकचून बांधायला लावली होती. गिरगावात मंडपाच्या कनाती शिवणाऱ्या ज्या कारागिरांकडे मी ती दुरुस्तीला नेली, त्यांनी नेफ्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, “ताई, खालून ताणू नका. दांडी नेफ्यात नुसती वजनाला राहू द्या. कापड हलेल थोडं, पण वारा निघून जाईल.” त्यांनी दुहेरी टीप घालून दिली आणि त्यानंतर एकही पताका उसवली नाही. पुढच्या वेळी मी कागदावर रेघ ओढण्याआधी त्यांच्याकडे जाणार आहे.

तुमच्या प्रश्नात एक दुसरा प्रश्नही दडलेला असतो, हे मला कळते: चित्र असते तर जास्त लोकांनी थांबून पाहिले असते की नाही? कदाचित पाहिले असते. फोटोही काढले असते. पण काळा घोडा या नावाकडे पाहा. सातव्या एडवर्डचा राजपुत्र असतानाचा तो घोड्यावरचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. बिनस्वाराचा नवा घोडा २०१७ साली आला. मधली बावन्न वर्षे तिथे घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे काळा घोडाच म्हणत राहिले. नुसत्या शब्दावर जागा धरून ठेवण्याची या शहराला सवय आहे. मी त्या सवयीवर विश्वास ठेवला.

पताका उतरवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी फेरी मारत होते, तेव्हा ‘कोट’च्या एका पताकेखाली साठीच्या एक बाई मान वर करून उभ्या होत्या. मी जवळ गेल्यावर, मी कोण हे ठाऊक नसतानाच त्या मला म्हणाल्या, “आमचे आजोबा इथे कुठल्याशा पेढीत होते. ठाकुरद्वाराहून चालत यायचे. आजी म्हणायची, ‘ते कोटात गेलेत.’ मी लहान होते, मला वाटायचं अंगात कोट घालून जातात म्हणून.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “भिंत कुठून कुठपर्यंत होती हो?” अंधार पडायला अजून अर्धा तास होता. मी त्यांना आधी ‘तट’च्या खांबापर्यंत नेले, तिथून हुतात्मा चौकातल्या ‘वेस’पर्यंत, आणि तिथून बझारगेटच्या बाजूने आम्ही दोघी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या दिशेने चालत निघालो, कारण त्या आवारात जुन्या तटबंदीचा एक तुकडा अजून उभा आहे.