पाय कुठे आहेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मानसोपचार करते. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर ताटकळलेल्या नवऱ्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो: "मॅडम, तुम्ही मनाच्या ना? मग हातापायांचं काय विचारत बसता?" एकाने तर तोंडावरच ऐकवलं, "तासाचे पैसे देतोय, आणि ही घरी येऊन सांगते, आज पायांनी भिंत ढकलली."

ती बाई किल्लारीकडची. तिला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चाराला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं झोपेतच माणसांवर कोसळली. आजोबांनी हिला दंडाला धरून बाहेर ओढलं. धाकटा भाऊ आतच राहिला.

आता ती हडपसरला, सोलापूर रस्त्यालगत राहते. रात्री भरलेला ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते, आणि ही नीट जागी होण्याआधीच दारात उभी असते. चपला रोज दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. तीस वर्षं हेच.

पहिल्या दिवशी तिने सगळा भूकंप दहा मिनिटांत सांगून टाकला. सलग, कुठेही न अडखळता. किती जणांना सांगून झाला असेल! पत्रकार, सर्वेक्षणवाले, सासरची माणसं. डोळ्यांत पाणी नाही. पण पायांची बोटं आवळून धरलेली, आणि श्वास गळ्याखाली उतरत नव्हता. मी विचारलं, "आत्ता तुमचे पाय कुठे आहेत?" तर ती वाकून बघायला लागली. बघितल्याशिवाय तिला सांगता येईना.

माझं सगळं उत्तर खरं म्हणजे तिथेच आहे. गोष्ट तिला पाठ होती. भूकंप संपल्याची बातमी पायांपर्यंत पोचली नव्हती.

धोका आला की विचार करायला सवड नसते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय धडधडतं, रक्त मांड्यांकडे धावतं. लढायचं नाहीतर पळायचं. दोन्ही जमण्यासारखं नसेल तर अंग जागच्या जागी थिजतं. यात आपल्याला कुणी विचारत नाही. पुढे कधी तसाच आवाज, तसाच हादरा आला की अंग तीच तयारी पुन्हा करतं. तारीख, वर्ष, आपण आता कुठे राहतो, यातलं काही त्याच्या हिशेबात नसतं.

सुरुवातीच्या वर्षांत मी यात मोठी चूक केली आहे. मला वाटायचं, मोकळं बोललं की बरं वाटतं. अपघातातून वाचलेल्या एका ड्रायव्हरला मी अथपासून इतिपर्यंत बोलायला लावलं. सांगता सांगता तो पांढराफटक पडला, घामाने निथळला आणि परत कधी आला नाही. माणूस तयार नसताना, त्याला सावरायला काही दिलेलं नसताना सगळं उकरून काढायचं म्हणजे तोच मार पुन्हा द्यायचा. हे मला त्याच्यामुळे कळलं, आणि त्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून या बाईंबरोबर पहिले तीन आठवडे भूकंपाचं नावच काढलं नाही. खुर्ची कुठे ठेवायची ते तिने ठरवलं, अर्थातच दारापाशी. चपला काढून फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्यायचा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. त्याने नाडी संथ होते. मग फक्त ट्रकची आठवण, तीही दोन क्षण, की लगेच परत फरशी. "म्हणजे कुकरची शिटी उचलून जराजराशी वाफ सोडायची, झाकण ओढायचं नाही," असं तीच म्हणाली. मी तेव्हापासून हे वाक्य सर्रास उसनं वापरते.

भिंत ढकलण्याचा दिवस सातव्या आठवड्यातला. खुर्चीत बसून दोन्ही पायांचे तळवे भिंतीला लावायचे आणि अगदी सावकाश जोर द्यायचा. जरा वेळाने तिच्या मांड्यांना कापरं भरलं. ती घाबरली; मी म्हटलं, थांबवू नका, जास्त वाटलं तर पाय खाली घ्या. कापरं ओसरलं, आणि तिला एक मोठ्ठी जांभई आली. तिने लाजून तोंडावर हात धरला. मी मात्र अशा जांभईची वाट बघत असते.

त्याच दिवशी ती म्हणाली, "पाय हलेनातच माझे. आजोबांना मला ओढावं लागलं. त्यात वेळ गेला."

तीस वर्षं गोष्ट सांगत होती, पण हे वाक्य तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि इथे नुसत्या शरीराने भागत नाही. असा ठपका शब्दांनी बसलेला असतो, त्याला शब्दांनीच तपासावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलीचं अंग थिजणं हा तिचा निर्णय होता का, यावर आम्ही पुढचे कितीतरी तास बोललो. झोपेसाठी तिला सायकियाट्रिस्टकडेही पाठवलं. काही महिने गोळ्या चालल्या. लोक विचारतात, तुमची नक्की पद्धत कोणती? ही अशी, दोनचार गोष्टींची मोट.

रील्सवर हल्ली वेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेचा, फार सुकाळ झाला आहे. थंड पाण्यात तोंड बुडवा आणि ट्रॉमा विसरा! असं काही नसतं. आघातानंतर मागे राहणाऱ्या या आजारासाठी (पीटीएसडी) जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये शिफारस केलेल्या पद्धतींत आघातावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याची बोलण्यातली पद्धत, आणि ईएमडीआर, म्हणजे आठवण मनात ठेवून डोळे ठरावीक तऱ्हेने हलवण्याची पद्धत, या दोन आहेत. निव्वळ शरीराच्या वाटेने जाणाऱ्या पद्धतींचा पुरावा त्यामानाने अजून तोकडा आहे, आणि हे मी पेशंटला आधीच सांगते. दुसरंही एक आधीच सांगते: मी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. शरीरावर काम म्हणजे मालीश नव्हे, आणि कुणी खोली बंद करून तसं सुचवलं तर उठून निघून यावं.

मध्यंतरी मी तिला विचारलं होतं, ट्रक गेला आणि भूकंप झाला यातला फरक तुमच्या घरात कुठे दिसेल? ती विचार करून म्हणाली, दारामागच्या खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा असतो. भूकंप असला तर तो वाजेल.

गेल्या महिन्यात सांगत होती, पहाटे ट्रक गेला, काच थरथरली, ती उठून बसली. पाय फरशीवर टेकवले. किल्ल्या गप्प होत्या. मग पाणी प्यायली आणि साडेसहापर्यंत झोपली. चपलांचं तोंड अजून दाराकडेच असतं. त्या फिरवायला मी सांगितलेलं नाही.