रोज किती धरायचे?

तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेलो की कुणीतरी गाठतंच. "काका, नर्मदा परिक्रमा पायी केलीत ना तुम्ही? रोज किती किलोमीटर पडतात?" मी "वीसेक" म्हणतो आणि सटकतो. गेल्या रविवारी सिंहगडाला आतकरवाडीच्या वाटेनं धापा टाकत चढत होतो, तर एका पोरानं चक्क माझी एक्सेल शीट मागितली. शीटची कीर्ती त्याच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. दिली नाही. का नाही, ते एकदा लिहूनच टाकतो.

शीट मी मन लावून केली होती. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, काठ दोन, म्हणजे २६२४. भागिले पंचवीस, झाले १०५ दिवस. जन्मभर बांधकामांची वेळापत्रकं केलेला माणूस मी. कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून निघायचं, फेब्रुवारीत घरी. हसू नका, पुण्यात खुर्चीवर बसून हे अगदी बिनचूक वाटतं. वाट नदीला धरून जात नाही, सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली जुने काठ गेलेत, तिथे डोंगरातून वळसे पडतात, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. त्यासाठी 'इतर' नावाच्या रकान्यात आठ दिवस धरले होते!

२०२२ साली निघालो. बरोबर दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा सहासष्टचा. पाच दिवस पंचवीसचा हिशोब जमला. सहाव्या दिवशी दुपारी साडेतीनला एका आश्रमाशी पोचलो. अंगणभर मिरच्या वाळत घातलेल्या. एका आजींनी चहा दिला, आसन इथेच लावा, म्हणजे मुक्काम करा, म्हणाल्या. शीटप्रमाणे अजून सात किलोमीटर बाकी होते. दादा पायरीवर बसून बुटाची नाडी सैल करत होता.

"जायचं ना?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं," म्हणाला आणि नाडी पुन्हा आवळली.

त्याचं हे 'तू म्हणशील तसं' मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याचा अर्थ 'नको' असतो. तेव्हाही माहीत होता.

ते सात किलोमीटर गावकऱ्यांच्या मापाचे निघाले. "बस, सामने ही है, बाबाजी," असं तिघांनी तीन ठिकाणी सांगितलं. पुढे नुकतं पाणी दिलेलं शेत लागलं. काळी माती, एकेका बुटाला किलोभर चिखल. सहाच्या आत सूर्य बुडाला. परिक्रमेत अंधार पडल्यावर चालू नये म्हणतात, मी मोबाइलचा दिवा लावून चाललो. मागून दादाच्या काठीचा आवाज येत होता, आणि दर खेपेला जरा जास्त लांबून. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.

आठला एका देवळात टेकलो. दादानं मोजा ओढला, तो टाचेला चिकटून बसला होता. तांब्यानं पाणी ओतत, भिजवत मी तो सोडवला, तरी बंद्या रुपयाएवढं कातडं मोज्याबरोबर आलं. दादा ओरडला नाही. "आज किती झाले?" एवढंच विचारलं. "एकतीस," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, आकडा सांगताना मला बरं वाटलं होतं.

सकाळी तो जीपनं खंडव्याला गेला, तिथून रेल्वेनं पुण्याला. मी पुढे गेलो. हो, गेलो. "एकाची तरी पुरी होऊ दे," असं तोच म्हणाला, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. म्हणाला होताच. पण मी थांबू का, हे मी त्याला एकदाच विचारलं, तेही सॅक पाठीला लावून झाल्यावर. वहिनी पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पुतणीचं म्हणणं, बूट नवे होते, दोष बुटांचा. बूट मीच घेऊन दिले होते.

आणि शीट? नर्मदा समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरला, खाडीपार जाणारी नाव भरतीवर सुटते, तिथे दोन दिवस बसून होतो. शून्य किलोमीटर. एकूण लागले १३१ दिवस.

आकडा हवाच असेल तर घ्या: पहिले दहा दिवस बारा ते पंधरा. पाय मुरले की वीस-बावीस आपसूक होतात. पाठीवर सहा-सात किलोंच्या वर नको. दुपारी तीननंतर कुणी 'आसन लावा' म्हणालं की लावायचं. पण पंधरानं चाललो असतो तर दादा टिकला असता का? कधी वाटतं, नक्की. कधी वाटतं, त्याला पहिल्या दिवसापासूनच परतायचं होतं. हे दुसरं मला सोयीचं आहे, म्हणून त्यावर माझा फारसा भरवसा नाही.

परवा त्याचा फोन आला. या कार्तिकात पुन्हा निघायचं म्हणतोय, ओंकारेश्वरहून, पहिल्यापासून. "रोज किती धरू?"

"पंधरा."

"तू येणार आहेस?"

"तू म्हणशील तसं," मी म्हणालो.

तो जरा थांबला. "मग बारा लिही," म्हणाला. "तू बरोबर असलास की पंधरा होतात."