चोवीस आऱ्यांचं चक्र

उद्या १५ ऑगस्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्यातली पोरं आज दुपारभर सोप्यात कागद कापत बसली होती. घोटीव कागद, कात्र्या आणि सासूबाईंनी शिजवून दिलेली मैद्याची खळ, एवढंच सामान.

पताका चटकन झाल्या. खरी मजा आली अशोकचक्रात. २४ आरे सारख्या अंतरावर आखायचे कसे? कोनमापक कुणाकडंच नव्हतं. मग गोल कागद अर्धा दुमडला, त्या अर्ध्याच्या तीन सारख्या घड्या घातल्या (ही पायरी पोरांना अवघड जाते, घाई करू नका) आणि पुन्हा दोनदा मधोमध दुमडला. उलगडल्यावर मध्यापासून कडेपर्यंत बरोबर २४ रेषा! शेजारची तिसरीतली पोरगी बोट ठेवून मोजतच राहिली. "काकू, खरंच चोवीस हाईत की ओ!"

कागदी झेंडे नंतर जमिनीवर टाकायचे नाहीत, असं ध्वजसंहितेत आहे, हे सांगितलं. तर पोरांनी आपणहून एका खोक्याला निळा कागद लावला. उद्या संध्याकाळी गल्लीत फिरून पडलेले झेंडे त्यात गोळा करणार आहेत. फार कौतुक वाटलं मला.

झेंडावंदनानंतर जिलेबीच्या रांगेत कोण उभं राहणार, यावर मात्र अजून भांडण चालू आहे.