‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’: पैशांवर लक्ष ठेवून बघा

रॉबर्ट बेंटनच्या ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ला (१९७९) पाच ऑस्कर मिळाली, त्यामुळे त्याबद्दल बोलताना बहुतेक जण डस्टिन हॉफमन आणि मेरिल स्ट्रीपच्या अभिनयापाशीच थांबतात. सत्तरच्या दशकात अमेरिकन घरात काय उलथापालथ चालली होती हे बघायचं असेल, तर या सिनेमातले पैशांचे उल्लेख टिपत जावेत.

पहिला उल्लेख सुरुवातीलाच येतो. टेड क्रेमर (हॉफमन) ऑफिसातून उशिरा घरी येतो, आल्या आल्या फोनला चिकटतो, आणि त्याची बायको जोअ‍ॅना (स्ट्रीप) त्याला आणि लहान मुलाला सोडून निघालेली असते. निघताना ती हिशोब देते: किल्ल्या, अमेरिकन एक्स्प्रेसचं कार्ड, ब्लूमिंगडेल्स या बड्या दुकानाचं कार्ड, चेकबुक. घरभाडं, विजेचं आणि फोनचं बिल भरलेलं आहे. बचत खात्यातून तिने २,००० डॉलर काढलेत, कारण लग्नाच्या वेळी तिच्या खात्यात तेवढेच होते. म्हणजे संसाराच्या वर्षांचा एक डॉलरही ती स्वतःचा मानत नाही. अमेरिकेत कर्ज किंवा क्रेडिट देताना बाई आहे की पुरुष, लग्न झालंय की नाही, यावरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये. त्याआधी नवऱ्याच्या सहीशिवाय बाईला कार्ड नाकारणं सर्रास चालायचं. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की ती कार्डं परत करणं नुसता राग वाटत नाही.

दीड वर्षाने ती परत येते आणि मुलाचा, बिलीचा, ताबा मागते. तोवर मुलाच्या मागे धावताना टेडची जाहिरात कंपनीतली नोकरी गेलेली असते. बेकार माणसाला कोर्ट मूल देणार नाही, म्हणून ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, एका दिवसात, तो खालच्या पगाराची नोकरी पदरात पाडून घेतो. कोर्टात आकडे उघड होतात: त्याचा पगार २८,२०० डॉलर, तिचा ३१,०००. टेडचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा आहे.

या सगळ्यामागे कायदा हलत होता. कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये दोष सिद्ध न करता घटस्फोट घेण्याची सोय केली. १ जानेवारी १९७० पासून ती अमलात आली आणि इतर राज्यं मागोमाग गेली. १९६० मध्ये दर हजार लोकांमागे वर्षाला २.२ घटस्फोट होत, १९७९ पर्यंत ते ५.३ झाले. सिनेमा जिथे घडतो ते न्यूयॉर्क मात्र हटवादी. १९६६ च्या सुधारणेपर्यंत तिथे व्यभिचार हे घटस्फोटाचं एकमेव कारण होतं, आणि विनादोष घटस्फोट यायला २०१० उजाडलं.

ताब्याचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. लहान मूल आईकडेच, हा ‘कोवळ्या वया’चा दंडक कोर्टं वर्षानुवर्षं पाळत होती. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका कौटुंबिक न्यायालयाने हे गृहीतक घटनाबाह्य ठरवलं होतं. सिनेमातला न्यायाधीश मात्र जुन्या वळणाने जातो. केवळ बाई आहे म्हणून ती चांगली पालक कशी, हा टेडचा प्रश्न त्या काळात कोर्टांबाहेरही विचारला जात होता. (आपल्याकडे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं आजही आहे.)

कोर्टातला एक बारीक क्षण चुकवू नका. टेडचा वकील जोअ‍ॅनाला पुन्हा पुन्हा विचारतो, आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या नात्यात तुम्ही अपयशी ठरलात ना? ती टेडकडे बघते आणि तो हळूच मान हलवून ‘नाही’ म्हणतो. वकिलाची फी तो भरतोय आणि साक्ष तिच्या बाजूने देतोय!

फ्रेंच टोस्टचे दोन प्रसंगही शेजारी ठेवून बघावेत. पहिल्यात टेड अंडं कपात फोडतो. कपात ब्रेड मावत नाही म्हणून घडी घालून कोंबतो, आणि दुमडलेला ब्रेड जास्त चांगला लागतो असं मुलाला पटवतो. शेवटी टोस्ट जळतो, हात भाजतो आणि शिव्या गैरहजर बायकोला. दुसऱ्यात बाप-लेक एकमेकांशी जवळपास न बोलता तोच नाश्ता करतात, हात आपसूक चालतात. मधल्या दीड वर्षात घरकामाचं काय झालं, ते इथे एका वाक्याविना कळतं.

सिनेमाची लबाडी अशी की हे दीड वर्ष आपण फक्त टेडसोबत काढतो. कॅलिफोर्नियात जोअ‍ॅनाने स्वतःला कसं सावरलं, नोकरी कशी मिळवली, हे दोन-चार वाक्यांत उरकलंय. बाप डबा भरतो तेव्हा कॅमेरा कौतुकाने थांबतो. आईने तेच साडेपाच वर्षं केलं, ते मोजायला कुणी नाही. शेवटही पळवाटच: कोर्ट मूल तिला देतं आणि ती स्वतःहून नको म्हणते, म्हणजे निकाल चूक की बरोबर हे ठरवायची वेळच येत नाही.

१९९५ च्या ‘अकेले हम अकेले तुम’ने याच गोष्टीवर बेतून शेवटी नवरा-बायकोला एकत्र आणलं. बेंटन जोअ‍ॅनाला एकटीला लिफ्टने बिलीला भेटायला वर पाठवतो. ‘मी कशी दिसते?’ असं ती विचारते, टेड ‘छान’ म्हणतो, आणि लिफ्टचं दार बंद होतं.