आमची वाटचाल : टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपासून

कणकवलीहून फोंडा घाट चढून मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा मला पान्यांचे नंबरही ओळखता येत नव्हते. शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली सहा वर्षं काढली. इंजिन उघडणं, बसवणं, टॅपेट लावणं (म्हणजे व्हॉल्व्हवरची फट मापात आणणं), सगळं त्यांच्याकडचं. १९९८ साली, कोकण रेल्वे मुंबईपासून सलग धावायला लागली त्याच वर्षी, मी परत आलो आणि काकांच्या जागेत हायवेला लागून चार पत्र्यांची शेड घातली. तेव्हा तो नॅशनल हायवे १७ होता, आता ६६ झालाय.

पहिलं वर्ष वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपगाड्यांनी तारलं. क्लच, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे. ती कामं आजही करतो. पण पंचक्रोशीत आमचं नाव झालं ते एका लहान कामामुळे, आणि ते काम पहिल्यांदा मी चुकवलं होतं.

गावातले एक निवृत्त गुरुजी त्यांची अँबॅसिडर घेऊन आले. १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन. "बघ रे झिला, तेल गळता. दोन ठिकाणी दाखयलंय. दोघव म्हणतत, इंजिन उतरवूक होया." गाडीखाली शिरलो तर चेंबरपासून (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापासून) गिअरबॉक्सपर्यंत सगळं काळंभोर. अशा वेळी माणूस चेंबरला नाहीतर मागच्या सीलला दोष देतो. पण तेल वरून गळतं आणि खाली दिसतं. मी इंजिन रॉकेलनं धुतलं, कोरडं केलं, टाल्कम पावडर भुरभुरवली आणि पंधरा मिनिटं चालू ठेवलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्याकडून पावडरीत एक ओली रेघ खाली उतरताना दिसली. झाकणाच्या सांध्यातलं कॉर्कचं पॅकिंग वाळून कडक झालं होतं, बाकी काही नाही. नवं पॅकिंग टाकलं आणि नट चांगले आवळले. गुरुजी खूश, मीही खूश.

तीन आठवड्यांनी करूळ घाटात त्याच गाडीच्या बॉनेटमधून धूर आला. त्या इंजिनाला एका बाजूला प्लग आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्ड, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारा नळ. गळलेलं तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून जळत होतं. गुरुजींनी गाडी कडेला घेतली, थंड केली आणि सावकाश माघारी आणली. "मी भियालंय नाय, पण ही भियाली," एवढंच म्हणाले. मी पैसे परत द्यायला लागलो, ते त्यांनी घेतले नाहीत. गाडी ठेवून एसटीनं घरी गेले.

त्या रात्री मी कव्हर काढून खिडकीच्या काचेवर ठेवलं आणि मागे बल्ब धरला. मध्ये कड काचेला टेकलेली, दोन्ही टोकांना खालून उजेड येत होता. तेव्हा माझी चूक डोळ्यांनी दिसली. ते कव्हर म्हणजे दाबून घडवलेला पत्रा, आणि त्याला धरणारे नट मध्यावर दोनच. ते जास्त आवळले की मध्य खाली दबतो आणि टोकं उचलली जातात. शिवाय कॉर्क चिरडतो तो वेगळाच. गळतंय म्हणून आणखी आवळावं, तर गळती आणखी वाढते.

तेव्हापासून आमच्याकडे हे काम एकाच पद्धतीनं होतं. इंजिन पूर्ण थंड हवं. कव्हर उचलायच्या आधी भोवतालची माती ब्रशनं काढायची, नाहीतर आमच्या जांभ्याची लाल धूळ थेट आतल्या रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर, पडते. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीनं बाजूनं टिचक्या मारायच्या. पेचकस घालून उचकटायचं नाही, कड वाकते. हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) पुशरॉडच्या, म्हणजे रॉकर हलवणाऱ्या सळ्यांच्या, भोकांवर स्वच्छ फडकं दाबायचं आणि मगच जुना कॉर्क खरवडायचा, कारण त्याचा तुकडा आत गेला की चेंबर उतरवायची वेळ येऊ शकते. कव्हर धुऊन काचेवर ठेवायचं. जिथून उजेड येईल ती कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं सरळ करायची. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या गाड्या असतील तर रंगाखालचा गंज जरूर बघायचा. खाऱ्या हवेनं कडेला बारीक खड्डे पडतात आणि नव्या पॅकिंगलाही ते भरून काढता येत नाहीत.

नवं पॅकिंग शेलॅक (लाखेचं चिकट रोगण) लावून कव्हरला चिकटवायचं, हेडकडची बाजू कोरडी ठेवायची. कव्हर उलटं करून पॅकिंग नीट बसवायचं, मग काचेवर सुलटं ठेवून वर वजन द्यायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. गिऱ्हाईक घाई करतं, तरी रात्र लागतेच. नटाखालचे रबरी वॉशरही नवे घालायचे, कारण पुष्कळदा तेल तिथूनच येत असतं. नट आळीपाळीनं, थोडा थोडा, रबर जेमतेम दबेपर्यंत आवळायचा. गाडी शंभरेक किलोमीटर चालली की एकदा परत बघायचं. याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

सिलिकॉनची ट्यूब दोन्ही बाजूंना थापून काम उरकता येतं, पाच मिनिटांत. आम्ही ते करत नाही. जास्तीचं सिलिकॉन आत ओघळतं, त्याची शेव तुटून तेलात पडते आणि तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसते. जाळी तुंबली की बेअरिंगला तेल मिळत नाही. लहानशा गळतीच्या उपायात अख्खं इंजिन जातं.

कॉर्क साठवणंही आम्ही शिकलो. खिळ्याला टांगलं की ते वेडंवाकडं होतं, वाळलं की आखूड होतं. आम्ही पुठ्ठ्यात सपाट ठेवतो. आखडलेलं निघालंच तर थोडा वेळ कोमट पाण्यात टाकतो, ते परत मापात येतं.

चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे उसंत नसते. मालक मुंबईला आणि जुनी गाडी गावच्या मांगरात, अशी कितीतरी घरं आहेत. गाडी सबंध पावसाळा एका जागी उभी. एका वर्षी अशाच एका गाडीचं पॅकिंग दोनदा बदललं तरी गळती थांबेना. शेवटी भाच्यानं इंजिनाच्या बाजूनं खाली उतरणारी ब्रीदरची नळी काढली. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं! इंजिनातली वाफ बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून आतला दाब तेलाला पॅकिंगमधून ढकलत होता. नळी साफ केली आणि गळती थांबली. तेव्हापासून पॅकिंगच्या आधी ब्रीदर बघायचा, हा नियम भाच्याचा.

हायवे चौपदरी झाला तेव्हा शेड गेली. आतल्या रस्त्याला जागा घेतली, कर्ज काढून पक्कं बांधकाम केलं. आता आम्ही चौघं आहोत, गाडीचा बिघाड शोधायचा स्कॅनरही घेतला. नव्या गाड्यांना खाचेत बसणारं रबरी पॅकिंग येतं आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला ठरलेल्या टॉर्कनं (पिळाच्या जोरानं) लावावे लागतात. भाचा ते माझ्यापेक्षा चांगलं करतो. हिशेबाची वही बायकोकडे. कुठल्या गाडीला कधी पॅकिंग घातलं, ते तिच्या अक्षरात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे.

गुरुजी आता नाहीत. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, पण त्यांची गाडी त्यांच्या नातवानं ठेवली आहे. तो पुण्याला असतो. यंदा मे महिन्यात टॅपेट लावून घ्यायला आला आणि शेजारी उभं राहून बघत होता. मी दोन नट सोडले, कव्हर उचललं. पॅकिंग कव्हरला धरून अखंड वर आलं, खालची बाजू कुठेही न फाटलेली. वहीत पाहिलं, तीन वर्षं झाली होती. फडक्यानं पुसलं, टॅपेट लावले आणि तेच पॅकिंग परत बसवलं.