मटणाची शेपटी रोजच्या ताटात आणताना: माझा अनुभव

मेंढीची तळलेली शेपटी रोजच्या जेवणात बसवायची असेल, तर ती शिजवण्याचे काम एका दिवशी आणि तळण्याचे काम दुसऱ्या दिवशी करावे, हे मला अनुभवाने पक्के पटले आहे. शेपटी हा मटणातला सर्वांत चिवट भागांपैकी एक आहे आणि कामावरून घरी आल्यावर तासाभरात पाने मांडायची असतील, तर कच्ची शेपटी हातात घेण्यात काहीच अर्थ नसतो. तेच तुकडे आदल्या दिवशी शिजवून, थंड करून फ्रिजमध्ये ठेवलेले असतील, तर भाताला वाफ येईपर्यंत ते तळूनही होतात. सणासुदीचा पदार्थ म्हणून शेपटी करणे निराळे आणि आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी डाळभाताशेजारी तिचे दोन तुकडे वाढणे निराळे. मला दुसरे हवे होते, म्हणून ही पद्धत मी हळूहळू बसवत गेलो.

शेपटीची रचना एकदा समजली की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. शेपटी म्हणजे पाठीच्या कण्याचा शेवटचा भाग. मुळाशी मणके जाड असतात आणि त्यांच्याभोवती मांसाच्या बारीक पट्ट्या असतात, परंतु टोकाकडे जावे तसे मांस संपत जाऊन हाड, कूर्चा आणि पांढरट चिवट तंतू एवढेच उरते. हे तंतू मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचे असतात. कच्चा तुकडा थेट तेलात सोडला तर कोलॅजन आक्रसते, मांस हाडावर घट्ट आवळले जाते आणि बाहेरून खरपूस दिसणारा तुकडा दातांना दाद देत नाही. तेच कोलॅजन ८० अंश सेल्सिअसच्या वर, ओलाव्यात, बराच वेळ राहिले की त्याचे जिलेटिन होते आणि मांस मऊ, किंचित चिकट व रसाळ बनते. म्हणून शेपटीला आधी पाण्याची उष्णता द्यावी लागते आणि तेल नंतर. हा क्रम बदलून चालत नाही.

मेंढ्यांच्या काही जातींची शेपटी बारीक असते, तर पश्चिम व मध्य आशिया आणि आफ्रिका येथील कोरड्या प्रदेशांतल्या काही जातींच्या शेपटीत चरबीचा मोठा साठा असतो आणि ती कित्येक किलो वजनाची भरू शकते. अशा जाड शेपटीत चरबी हाच मुख्य ऐवज असल्याने तिची रीत वेगळी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. मी बहुतेक वेळा बारीक शेपटीच आणतो. ती दर वेळी मिळेलच असे नाही, कारण लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या अनेक कळपांत माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी कोकरांच्या शेपट्या लहानपणीच छाटतात. खाटकाकडे आधी सांगून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. घेताना चरबी पांढरी व घट्ट आहे ना, पृष्ठभागाला बुळबुळीतपणा नाही ना आणि खवट वास येत नाही ना, एवढे मी पाहतो. घरी आणल्यावर उरलीसुरली लव जाळावर धरून जाळतो, सुरीच्या पाठीने खरवडतो आणि मुळाशी आतल्या बाजूला असलेला पातळ पडदा काढून टाकतो.

तुकडे करण्याचे काम मी सत्तूरने कधीच करत नाही. सत्तूरचा घाव हाडावर बसला की हाडाच्या बारीक कपच्या उडतात, त्या मांसात रुततात आणि खाताना हिरडीला टोचतात. शेपटी पालथी ठेवून तिच्यावरून अंगठा दाबत नेला की ठरावीक अंतरावर एक उंचवटा आणि त्याच्या शेजारी किंचित मऊ खाच लागते. ती खाच म्हणजे दोन मणक्यांमधला सांधा. तेथे धारदार सुरी उभी ठेवून हलकेच पुढे-मागे केली, की कूर्चा विनासायास कापली जाते आणि तुकडा गुळगुळीत सुटतो. सुरी अडली तर जोर लावू नये, केसभर सरकवावी. मुळाकडचे तुकडे एकेका मणक्याचे करावेत आणि टोकाकडे दोन-तीन मणके एकत्र ठेवावेत, म्हणजे सगळे जवळपास सारख्याच वेळात शिजतात.

शिजवताना मी पाण्यात थोडी हळद, ठेचलेले आले, लसणाच्या न सोललेल्या पाकळ्या, काही मिरीदाणे आणि अगदी बेताचे मीठ घालतो. मीठ बेताचे अशासाठी, की हे पाणी पुढे आटवायचे असते आणि तळलेल्या तुकड्यांवर वरून मीठ पडणारच असते. पाणी तुकडे जेमतेम बुडतील इतकेच असावे. पहिल्या उकळीला वर येणारा करडा फेस काढून टाकला की आच मंद करून झाकण ठेवतो आणि दीड ते अडीच तास ते नुसते रटरटत राहू देतो. वयस्क जनावराच्या शेपटीला याहूनही जास्त वेळ लागू शकतो. प्रेशर कुकरमध्ये हेच काम साधारण अर्ध्या-पाऊण तासात होते, मात्र वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली तर आतले पाणी जोरात उसळते आणि मऊ झालेले तुकडे हाडांपासून सुटतात. मांस सुरीच्या टोकाने सहज दबावे, पण उचलल्यावर हाडाला धरून राहावे, इतपतच शिजवायचे आहे. रश्श्यासाठी याच्या पुढे गेले तरी चालते, तळण्यासाठी नाही.

यानंतरची पायरी दिसायला निरुपद्रवी आहे आणि सगळ्या पद्धतीचा प्राण तिच्यातच आहे. शिजलेले तुकडे गरम असताना तळायला घेतले तर जिलेटिन अजून द्रवरूप असल्याने मांस कढईतच गळून पडते आणि ओलाव्यामुळे तेल भयंकर उडते. म्हणून मी तुकडे झाऱ्याने काढून जाळीवर निथळतो, वाफ गेली की ताबडतोब फ्रिजमध्ये टाकतो आणि तेथे ते रात्रभर उघडेच, एकमेकांना न चिकटतील असे पसरून ठेवतो. शिजवलेले अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त वेळ राहू नये आणि ५ अंशांच्या खाली साठवावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला येथे तंतोतंत पाळावा, कारण हाडालगतचा भाग सावकाश थंड होतो. सकाळपर्यंत तुकड्यांचा पृष्ठभाग कोरडा व काहीसा चामट झालेला असतो, आतले जिलेटिन गोठून मांस हाडाला घट्ट धरून बसलेले असते आणि बोटांना ओल लागत नाही.

शिजवलेले पाणी गाळून वेगळ्या भांड्यात ठेवलेले असते. त्यावर पांढऱ्या चरबीची चकती धरते आणि खाली थरथरणारा घट्ट रस उरतो. ही चकती सुरीने अलगद उचलून, तिच्या खालच्या बाजूला चिकटलेला रस नीट खरवडून काढावा. तो राहिला तर गरम होताना चरबी तडतडते. मग ती मंद आचेवर, बुडबुडे शांत होईपर्यंत, तूप कढवावे तशी कढवावी. शेपटी तिच्याच चरबीत तळली की चव एकजीव लागते, म्हणून मी थोड्या साध्या तेलात ही चरबी मिसळून वापरतो. मात्र मेंढीच्या मांसाचा जो विशिष्ट वास असतो, तो मुख्यतः चरबीतल्या ४-मिथिलऑक्टॅनोइक आम्लासारख्या घटकांमुळे येतो आणि जनावर मोठे असेल तर तो अधिक उग्र असतो. घरात कोणाला तो सोसत नसेल, तर चरबी बाजूला ठेवून नुसत्या तेलात तळावे.

तळण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई किंवा तवा घ्यावा. तुकडे अर्धे बुडतील एवढेच तेल पुरते. ते १७० ते १८० अंशांपर्यंत तापवावे. तापमापक नसेल तर पिठाची चिमूट टाकून पाहावी, ती लगेच फसफसून वर आली पाहिजे. आले, लसूण, तिखट आणि मीठ यांचा ओला मसाला आधीच चोपडला तर लसूण जळून कडवट होतो, म्हणून मी तुकड्यांना फक्त तांदळाचे पीठ हलके भुरभुरतो आणि कोरडा मसाला कढईतून काढल्यावर लगेच चोळतो. तुकडा कढईत ठेवला की त्याला हात लावू नये. जिलेटिन सुरुवातीला धातूला धरते. दोन-तीन मिनिटांत खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपसूक सुटतो. मग चिमट्याने उलटावा. मणक्याच्या पोकळीत पाण्याचा थेंब अडकलेला असेल तर याच वेळी जोराचा तडाखा बसतो, त्यामुळे कढईवर जाळीचे झाकण असलेच पाहिजे. घट्ट झाकण ठेवू नये, कारण वाफ आत कोंडली की कुरकुरीतपणा गेलाच.

वाढण्याबाबत माझे मत ठाम आहे. तळलेली शेपटी हा ताटातला मुख्य पदार्थ नसावा, ती तोंडी लावण्यासारखी दोन किंवा तीन तुकड्यांनी यावी. ताटात साधा भात, पातळ डाळ, एखादी पालेभाजी आणि काहीतरी आंबट असावे. लिंबू, मुळा किंवा कच्चा कांदा यांवाचून ती मला अपुरी वाटते, कारण जिभेवर बसणारा चरबीचा थर आंबटपणानेच उतरतो. मेंढीची चरबी लवकर थिजते आणि गार ताटात तर ती टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून ताटे कोमट करून घ्यावीत आणि बाकीचे सगळे वाढून झाल्यावर शेवटी शेपटी कढईतून थेट ताटात यावी. ती हातानेच खायची असते. मणक्याच्या खोबणीतले मांस काट्याने निघत नाही. लहान मुलांना हाडासह तुकडा देऊ नये, टोकाकडचे मणके घशात अडकण्याइतके लहान असतात. त्यांच्यासाठी आणि दात अधू झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी मी थंड तुकड्यांचे मांस हाडावरून सोडवून घेतो, तेवढेच तव्यावर कुरकुरीत करतो आणि भातात मिसळून देतो. खरे सांगायचे तर मलाही ते तितकेच आवडते.

प्रमाण बेताचे ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मेंढीच्या चरबीत संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण साधारण निम्मे असते आणि जागतिक आरोग्य संघटना एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा संपृक्त मेदातून यावी असे सुचवते. २,००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. तळलेली शेपटी असेल त्या दिवशी मी दुसरा तळलेला पदार्थ करत नाही आणि भाजीतही तेल हात राखून घालतो.

जाड शेपटी मिळाली तर मात्र ती उकळत नाही. तिची चरबी लहान चौकोनी तुकड्यांत कापून, तळाशी दोन-तीन चमचे पाणी घालून, अगदी मंद आचेवर ठेवतो. पाण्यामुळे चरबी सुटायच्या आधी तळ करपत नाही. पाणी उडून जाते, चरबी स्वच्छ पातळ होते आणि तुकडे आकसून सोनेरी होतात. हे कुरकुरीत तुकडे मीठ लावून भातावर किंवा उकडलेल्या बटाट्यावर चिमूटभर टाकले तरी पुरतात. शरीरातल्या इतर भागांच्या चरबीपेक्षा शेपटीची चरबी मऊ असते, त्यामुळे गाळून बरणीत भरलेली ही चरबी भाज्या परतायला सोयीची जाते.

शिजवलेले, न तळलेले तुकडे फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहतात. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर शिजवल्यानंतरच गोठवावेत आणि तळण्याच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली उतरवून जाळीवर कोरडे होऊ द्यावेत. तळून उरलेले तुकडे मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर चामट होतात, त्यांना कोरड्या तव्यावर मंद आचच लागते. चरबीच्या चकतीखाली उरलेला घट्ट रस मी बर्फाच्या साच्यात गोठवतो आणि भात शिजवताना किंवा डाळीला उकळी आली की त्यातला एखादा तुकडा आत सोडतो.